मामांच्या पेटीतली हत्यारं कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न असा आहे: मामा नागपुरात रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये फिटर होते, ते गेल्यावर त्यांची लाकडी पेटी तुमच्याकडे आली. त्यातली पाच हत्यारं घरात कोणालाच ओळखू येत नाहीत. कबाडीवाला किलोच्या भावानं न्यायला बसलाय आणि घरचे म्हणतात, आधी घासून चकचकीत तरी करा. मीही नागपुरातच तीस वर्षं फिटरचं काम केलंय. फोटो बघितले आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी सांगतो, घासू नका. माझे वडील गेले तेव्हा त्यांची हत्यारं मी ग्राइंडरला वायर ब्रशचं चाक लावून एका दुपारी साफ केली. संध्याकाळी आईनं हातोडी हातात घेतली आणि विचारलं, यावरचा ‘व’ कुठे गेला? वडिलांनी सेंटर पंचनं, म्हणजे टोकदार पोलादी सळईवर हातोडी मारून, टिंब टिंब करून आपलं अक्षर उठवलं होतं. गंजाखाली ते मला दिसलं नाही आणि माझ्याच हातानं गेलं. अजून ती हातोडी घेतली की अंगठा तिथे जातो. हत्यार कशाचं हे त्याच्या आकारावरून जेवढं कळतं, त्यापेक्षा जास्त त्याच्या झिजेवरून आणि खुणांवरून कळतं. ती झीज घालवली की हातात नुसतं लोखंड उरतं.

आता तुमच्या वस्तू.

तिकोनी सळई, लाकडी मूठ, तिन्ही कडा धारदार, दिसायला कानशीसारखी पण दात नाहीत. हा स्क्रेपर आहे, आणि पेटीतली सर्वात मोलाची वस्तू माझ्या मते हीच. मुठीला लागून असलेल्या भागावर नख फिरवून बघा, बारीक आडव्या रेघा लागतील. ते जुन्या कानशीचे उरलेले दात. कानस बोथट झाली की फिटर ती टाकून देत नसे, दात घासून काढायचा, कडा धारेला लावायचा आणि स्वतःचा स्क्रेपर करायचा. म्हणजे ही वस्तू दुकानातून आलेली नाही, मामांनी किंवा त्यांच्या उस्तादांनी हातानं केलेली आहे. काम काय, तर बेअरिंग बसवणं. शाफ्टवर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, बेअरिंगमध्ये ठेवून थोडा फिरवायचा, उचलायचा. जिथे निळं लागलं तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा, पुन्हा निळं, पुन्हा खरवड. सगळीकडे सारखे निळे ठिपके येईपर्यंत हेच चालायचं. एका बेअरिंगला अख्खी पाळी जायची. मुठीवर एका बाजूला खळगा दिसतोय ना फोटोत? तो अंगठ्याचा आहे. तुमचा अंगठा ठेवून बघा. कडा अजून कापतात, लहान मुलांपासून दूर ठेवा.

जाड पोलादी तुकडा, एका टोकाला गोल वाटी, दुसरं टोक छत्रीसारखं पसरलेलं. हा रिव्हेटचा, म्हणजे लोखंडी पत्रे जोडायच्या जाड खिळ्याचा, स्नॅप. लालबुंद रिव्हेट भोकात घालायची, एकानं खालून डॉलीचा, म्हणजे जड लोखंडी ठोकळ्याचा, टेकू द्यायचा आणि वरून स्नॅप ठेवून घण मारायचा. त्या वाटीत रिव्हेटचं डोकं गोल होऊन बसतं. वाटीचा व्यास मोजा आणि १.६ नं भागा, रिव्हेटची जाडी साधारण निघेल. वाटी २५ मिलिमीटर असेल तर रिव्हेट १६ मिलिमीटरच्या आसपासची. पसरलेल्या टोकावर मात्र हातोडा मारून बघू नका. त्याच्या कडेची चीप उडून डोळ्यात जाते, हे मी कामावर पाहिलेलं आहे.

लांब बारीक दांडा आणि डोकं एवढंसं, ती हातोडी खिळे ठोकायची नाही. रेल्वेगाडीची चाकं वाजवून तपासायची आहे. आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो तसंच. चाक धड असेल तर घणघणतं, तडा असेल तर बद्द आवाज येतो. दांडा लांब, कारण प्रत्येक चाकाशी वाकायला लागू नये. तिच्या डोक्यावर इंग्रजीत बी, एन, आर अशी अक्षरं आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते बेंगाल नागपूर रेल्वेचं शिक्क्याचं नाव. ही कंपनी १८८७ ची. १९४४ मध्ये ती सरकारकडे गेली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत आली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली आणि मोतीबाग आता ज्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येतं ती २००३ पासूनची. मामा १९६८ ला नोकरीला लागले म्हणता, म्हणजे ही हातोडी मामांच्या आधीच्या कोणाच्या तरी हातातली आहे. मामांना ती कोणीतरी दिली असणार.

आता नट फिरवायचे पाने. त्यांच्यावर ‘१/२ डब्ल्यू’ लिहिलंय आणि ते अर्ध्या इंचाच्या नटाला ढिले बसतात म्हणून तुम्हाला ते खराब वाटले. खराब नाहीत. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेलं इंग्रजी आट्यांचं माप. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. अर्ध्या इंचाच्या बोल्टचा नट ०.९२ इंचाचा, म्हणून तोंड सुमारे २३.४ मिलिमीटर भरेल. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) लावून बघा. आजच्या मिलिमीटरच्या नटाला जबरदस्तीनं लावू नका, नटाचे कोपरे गोल होतील.

राहिला तो छोटा चाकू. एका बाजूला पातं आणि दुसऱ्या टोकाला हाडाची चपटी, गुळगुळीत जीभ. हा मोतीबागचा नाहीच! तुम्ही जाता जाता लिहिलंय की मामांच्या सासरी काटोलला संत्र्याची बाग होती. हा डोळा भरायचा, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवून कलम करायचा, चाकू आहे. जंबेरीच्या (रानटी लिंबाच्या) रोपावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सालीला इंग्रजी टी सारखा काप द्यायचा, हाडाच्या जिभेनं साल अलगद सोडवायची आणि आत संत्र्याचा डोळा सरकवून पट्टीनं बांधायचं. साल सोडवायला पातं वापरलं तर आतला ओला थर खरवडला जातो आणि डोळा धरत नाही, म्हणून ती जीभ हाडाची. वीतभर उंची एवढ्यासाठी की डोळा मातीजवळ राहिला तर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, लागतो. पात्याच्या मुळाशी काळपट, चिकट थर असेल तर तोही राहू द्या. फिटर माणूस सुट्टीत सासरी जाऊन कलमं बांधत होता की काय, हे मामींना जरूर विचारा. मला तर हा चाकू बघून मामा आवडायला लागलेत.

साफ करायचंच असेल तर जुनं सुती कापड आणि थोडं डिझेल, बस. शिक्का पुसट असेल तर त्यावर खडू आडवा घासा, अक्षरं पांढरी उठतात. मग खिडकीजवळ तिरप्या उजेडात फोटो काढा. लोखंडाला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. लाकडी मुठींना आपलं जवसाचं तेल द्या आणि रात्रभर मुरू द्या. पण त्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

कामठी रोडला मोतीबागमध्येच नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे, २००२ पासून. तिथली छोटी इंजिनं बघून या, शक्यतो मामींना घेऊन. रिव्हेटच्या ओळी बोटानं चाचपल्या की स्नॅप कशासाठी होता हे मला लिहून सांगावं लागणार नाही.

कबाडीवाल्याला नाही म्हणून सांगा. आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो टाका. फिटर लोक तिथे खडूनं किंवा पेन्सिलीनं मापं लिहून ठेवत. तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात काहीतरी लिहिल्यासारखं दिसतंय.