पाऊसपाणी, वाचकांचे प्रश्न: मंडळात ३८ मिलिमीटर, मग माझं रान कसं वाहून गेलं?

प्रश्न: त्या रात्री आमच्या मंडळात ३८ मिमी पाऊस नोंदला. माझ्या रानात मात्र दोन तासात बांध फुटला, सोयाबीन आडवं झालं, ओढ्याकडची माती गेली. २४ तासात ६५ मिमीच्या आत आहे म्हणून अतिवृष्टी नाही म्हणतात. यंत्र खोटं बोलतंय का?
– एक शेतकरी, धाराशिव जिल्हा

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माती गेली की ती परत येत नाही, पीक पुढच्या वर्षी येतं, त्यामुळे तुमचा राग समजतो.

आता यंत्राचं बघू. साध्या पर्जन्यमापकाचं तोंड असतं छोट्या ताटलीएवढं, २०० चौरस सेंटिमीटर, आणि तेवढ्या तोंडात जे पडलं तेच अख्ख्या महसूल मंडळाचा पाऊस म्हणून धरलं जातं, मग मंडळात कितीही गावं असोत. जूनमधला किंवा परतीचा वळवासारखा पाऊस तर एका शिवारात कोसळतो आणि शेजारच्या शिवारात नुसता शिडकावा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३! एकाच शहरात, पंचवीसेक किलोमीटरवर. मग तुमचं रान आणि मंडळाचं यंत्र यात फरक पडणारच.

दुसरं, ३८ हा आकडा २४ तासांचा आहे. ३८ मिमी दिवसभर रिपरिप पडला तर जमीन तो पिऊन टाकते, पण तेवढाच पाऊण तासात पडला तर काळ्या मातीचं वरचं तोंड बंद होतं आणि पाणी बांधाला धडका मारतं. म्हणजे मंडळाचा आकडा बरोबर आणि तुमचं नुकसानही खरं, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

तरी यंत्र एकदा जाऊन बघाच. त्यावर झाडाची फांदी आलीय का, शेजारी भिंत आहे का, स्वयंचलित असेल तर नरसाळ्यात पालापाचोळा, कोळ्याची जाळी, पक्ष्यांची घाण अडकलीय का. अडकली की आकडा कमी येतो, किंवा पाऊस संपल्यावरही टिपटिप नोंद चालूच राहते. असं काही दिसलं तर फोटो काढा आणि तलाठी, मंडळ अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, नुसतं तोंडी सांगून येऊ नका. आणि गावात स्वतःचं मापक लावा. तुमची वही सरकारी आकड्याची जागा घेणार नाही हे खरं, पण चार गावांच्या रोजच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर दुसरं यंत्र मागायला हातात काहीतरी असतं, आज ते नाहीये.

प्रश्न: कोयनेतून ३० हजार क्युसेक सोडले असं वाचलं की सांगलीत पोटात गोळा येतो. टीएमसी आणि क्युसेकचा हिशोब सोपा करून सांगाल का?
– एक वाचक, सांगली

२०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. ते बघितलेल्या माणसाच्या पोटात गोळा येणारच हो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा झाला वेग. टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, हा झाला साठा. ११,५७४ क्युसेक सलग २४ तास चाललं की एक टीएमसी होतं, एवढं एक लक्षात ठेवा. म्हणजे ३० हजार क्युसेक दिवसभर चालले तर सुमारे २.६ टीएमसी खाली आलं.

आता वरून बघा. कोयनेचा साठा १०५.२५ टीएमसी, पाणलोट क्षेत्र साधारण ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर सगळीकडे १०० मिमी पाऊस पडला आणि सगळा वाहून आला तर ३.१५ टीएमसी होतो. जूनमध्ये तसं होत नाही, कोरडी जमीन बराच पिते, पण जुलैअखेर डोंगर भिजून चिंब झालेला असतो आणि मग पडेल ते धरणातच येतं. म्हणून मी पेपरात आधी कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणांचे पावसाचे आकडे बघते आणि दरवाजे किती फुटांवर ते नंतर. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासात ५९४ मिमी पडला, असा आकडा दिसला की पुढचे दोन दिवस सावध राहायचं हे ठरलेलं.

पण नुसत्या धरणाकडे बघून चालत नाही. धरणाच्या खाली पडणारा पाऊस कुठलाच दरवाजा अडवत नाही, तो थेट नदीत. वारणा हरिपूरला येऊन मिळते, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, आणि त्याही फुगलेल्या असल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. त्यामुळे कोयनेचा विसर्ग कमी केल्यावरही सांगलीत पाणी चढू शकतं, लोक तिथेच फसतात, 'दरवाजे खाली घेतलेत' ऐकून सामान परत खाली आणतात. कृपा करून तसं करू नका, पुलाजवळची पातळी उतरायला लागलेली बघा आणि मगच हलवा.

प्रश्न: यंदा सरासरीएवढा पाऊस झाला म्हणतात, पण विहीर जानेवारीतच तळाला. असं कसं?
– एक ताई, संगमनेर

ताई, सरासरी हा वर्षाचा बेरजेचा आकडा आहे, पाऊस किती दिवसात पडला ते त्यात दिसत नाही. हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पाऊस पडलेल्या दिवसाला पावसाचा दिवस धरतं, ते दिवस मोजा. तेवढाच पाऊस मोजक्या दिवसात आपटला की ओढ्याने निघून जातो. त्यात आपल्याखाली काळा बेसाल्ट, पाणी साठतं ते मुरूम आणि भेगांमध्येच, ती जागा मुळात थोडी. हिवरे बाजारला गावातला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. तुमच्याकडे निदान विहिरीची पातळी दर महिन्याला दोरीने मोजायला सुरुवात करा.

प्रश्न: शाळेत मुलांकडून पर्जन्यमापक बनवून घ्यायचंय, महागडं नको.
– एक शिक्षिका, वाई

बाई, तुम्ही तर योग्य ठिकाणी आहात, बत्तीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर, आणि तिथल्या आणि तुमच्या पावसातला फरक मुलं स्वतः मोजतील.

सरळ तोंडाचा, सरळ बाजूंचा डबा घ्या. पाणी मिलिलिटरमध्ये मोजा, तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा, दहाने गुणा, आला मिमी. तोंड १० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ ७८.५, पाणी ३१४ मिली भरलं तर पाऊस ४० मिमी. डबा मोकळ्यावर ठेवा, भिंत किंवा झाड स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवं. वाचन रोज सकाळी साडेआठलाच, हवामान खात्याचीही तीच वेळ, आणि आधीच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहायचा, नाहीतर पेपरातल्या आकड्याशी कधीच जुळणार नाही. सुट्टीच्या दिवशी कोण बघणार ते आधी ठरवा. आणि पाऊस नसेल तेव्हा रकाना मोकळा सोडू नका, ० लिहायला लावा, कारण मोकळा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की कोणी बघितलंच नाही, हे दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही.