मायक्रोआरएनए एवढासा असतो, मग त्याच्यामुळे कॅन्सर कसा काय होऊ शकतो?

मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचा (डीएनएसारख्याच रेणूचा) साधारण २२ अक्षरांचा तुकडा, त्यातून प्रोटीन बनत नाही, पण तो दुसऱ्या जीन्सच्या मेसेंजर आरएनएला (प्रोटीन कसं बनवायचं याचा जीनकडून आलेला निरोप) चिकटतो आणि तिथलं प्रोटीन बनणं कमी करतो. ब्रेकच म्हणा ना. आता ब्रेकच गेला तर?

१९९३ मध्ये अँब्रोस आणि रुवकुन या शास्त्रज्ञांना हा प्रकार एका छोट्या जंतात सापडला (२०२४ चं नोबेल त्यासाठीच), पण आजाराशी पहिला पक्का धागा जोडला कॅन्सर संशोधक कार्लो क्रोचे यांच्या टीमनं, २००२ मध्ये. सीएलएल नावाच्या ब्लड कॅन्सरमध्ये १३ नंबरच्या क्रोमोझोमचा एक तुकडा बऱ्याचदा गायब असतो, सगळे तिथं नेहमीसारखा प्रोटीनवाला जीन शोधत होते आणि निघाले दोन मायक्रोआरएनए, मिर-१५ आणि मिर-१६! मला तर हा शोध फारच भारी वाटतो. हे दोघं बीसीएल-२ नावाच्या प्रोटीनला दाबून ठेवतात, ते नसले की बीसीएल-२ वाढतं आणि ज्या पेशी मरायला हव्यात त्या मरतच नाहीत, साठत जातात.

सीएलएलवरचं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध याच बीसीएल-२ ला अडवतं. मायक्रोआरएनए स्वतः औषध म्हणून देणं मात्र अजून अवघड आहे, कारण एकच मायक्रोआरएनए शेकडो जीन्सना हात लावतो.