ठिपके मोजण्याआधी त्यांची जागा बघा : स्किपर फुलपाखरांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : गवतावर बसलेल्या एका तपकिरी स्किपरचा फोटो काढला आहे. पंख मिटलेले आहेत आणि मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची कमान दिसते. एक जण राइस स्विफ्ट म्हणतो, दुसरा स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट (स्विफ्ट हा स्किपरांचाच एक गट). कोणाचं धरायचं?

आधी कमान सोडा आणि तिच्या आत, पंखाच्या बुडाकडे नजर न्या. तिथे एकटाच पडलेला बारीक पांढरा ठिपका आहे का? हा मध्यकोषातला, म्हणजे पंखाच्या मधोमध बुडापासून निघणाऱ्या लांबट बंद भागातला ठिपका. तो असेल तर फुलपाखरू पेलोपिडस गणातलं, म्हणजे ब्रँडेड स्विफ्टांपैकी. राइस स्विफ्टच्या (बोर्बो सिनारा) मागच्या पंखावर कमानीचे ठिपके कमी-जास्त असतात, पण कोषातला ठिपका नसतो. ब्रँडेड स्विफ्टमध्ये तो कधी कधी टाचणीच्या टोकाएवढाच असतो, त्यामुळे फोटो पूर्ण मोठा करून पाहिल्याशिवाय 'नाही' म्हणू नका.

दुसरी खूण पुढच्या पंखावर आहे. राइस स्विफ्टच्या पुढच्या पंखाच्या मागच्या कडेजवळ, साधारण मध्यावर, एक पिवळसर ठिपका असतो. बाकीचे ठिपके काचेसारखे पारदर्शक, हा मात्र खवल्यांचा आणि अपारदर्शक. पंख मिटलेले असताना हा भाग मागच्या पंखाआड झाकला जातो, म्हणून तुमच्या फोटोत तो दिसणारच नाही. स्विफ्ट ऊन खाताना पुढचे पंख अर्धवट उभे आणि मागचे आडवे पसरून बसतो, तेव्हा वरून फोटो घ्यावा लागतो.

इथे फसगत कुठे होते तेही सांगतो. स्मॉल ब्रँडेड स्विफ्टच्या मादीलाही त्याच कप्प्यात (दोन शिरांमधल्या जागेत) अपारदर्शक ठिपके असतात. त्यामुळे 'पिवळसर ठिपका दिसला, म्हणजे राइस स्विफ्ट' एवढ्यावर निकाल देता येत नाही. मागच्या पंखाच्या कोषातला ठिपका आणि हा ठिपका, दोन्ही एकत्र पाहायचे. एकाच बाजूचा फोटो असेल तर नोंदीत 'स्विफ्ट' लिहिणं जास्त खरं.

याच गर्दीत तिसरा येतो तो स्ट्रेट स्विफ्ट, पार्नारा गणातला. त्याच्या मागच्या पंखावरचे ठिपके कमानीत न येता जवळपास सरळ रेषेत येतात. शिवाय त्याच्या मिशा आखूड, पुढच्या पंखाच्या वरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी लांबीच्या. या गणातल्या काही जातींत ठिपके बारीक आणि विस्कळीत असतात, तेव्हा मिशांची लांबीच जास्त उपयोगी पडते.

प्रश्न : पुस्तकात 'कप्पा १ब', 'कप्पा २' असं लिहिलेलं असतं. हे कप्पे मोजायचे कुठून?

मागच्या कडेकडून. पुढच्या पंखाच्या मधोमध, बुडापासून निघणारा लांबट बंद भाग म्हणजे मध्यकोष. मागच्या कडेजवळून एक शीर थेट बुडापासून बाहेरच्या कडेपर्यंत जाते, कोषाला कुठेही न चिकटता. ती शीर १. कोषाच्या खालच्या कडेतून फुटणारी पहिली शीर २, मग ३, ४ असं वर चढत जायचं. कप्प्याला त्याच्या खालच्या शिरेचा आकडा मिळतो. शीर २ आणि ३ यांच्यामधला कप्पा २, तर शीर १ आणि २ यांच्यामधला १ब.

शिरा दिसत नसतील तरी एक आधार आहे. स्विफ्टांच्या पुढच्या पंखावरचा सर्वांत मोठा पारदर्शक ठिपका बहुतेक वेळा कप्पा २ मध्ये असतो. तो सापडला की त्याच्या वर-बाहेरचा जरा लहान ठिपका कप्पा ३ चा, आणि मागच्या कडेच्या दिशेने लगतचा कप्पा १ब. टोकाजवळ ओळीने असलेले तीन बारीक ठिपके कप्पा ६, ७ आणि ८ चे.

स्किपरांच्या पुढच्या पंखातल्या शिरांना पुढे फाटे फुटत नाहीत, प्रत्येक शीर सरळ कडेला जाते. म्हणून हे मोजणं इतर फुलपाखरांपेक्षा इथे सोपं जातं. एकदा एका चांगल्या फोटोवर पेन्सिलीने आकडे घालून पाहा, पुढच्या वेळी डोळा आपोआप मोजतो.

प्रश्न : 'ब्रँड' म्हणजे नेमकं काय? आणि त्यावरून मथायस आणि अग्ना वेगळे ओळखता येतात का?

ब्रँड ही नराची खूण, गंध सोडणाऱ्या खास खवल्यांची रेघ. पेलोपिडस मथायस (स्मॉल ब्रँडेड) आणि पेलोपिडस अग्ना या दोघांच्याही नरांत ती पुढच्या पंखाच्या वरच्या (पंख उघडल्यावर दिसणाऱ्या) बाजूला, कोषाखाली तिरकी, राखाडी दिसते.

कोषाच्या बाहेरच्या टोकाशी एकावर एक असे दोन ठिपके असतात. त्यांच्यामधून एक काल्पनिक रेघ मागच्या कडेपर्यंत ओढा. मथायसमध्ये ती ब्रँडला छेदून जाते. अग्नामध्ये ब्रँड आखूड असल्याने रेघ फार तर त्याच्या टोकाला टेकते, आरपार जात नाही. फोटोवर पट्टी ठेवूनच पाहा, नुसत्या डोळ्याने चूक होते. पंख कॅमेऱ्याला समांतर नसेल तर मात्र ही कसोटी वापरू नये, कारण पंख थोडा जरी कलला तरी रेघेची दिशा बदलते. मादीला ब्रँड नसल्याने तिच्यासाठी ही युक्ती नाही. ठिपक्यांच्या आकारावरून मादीची जात ठामपणे लिहिलेल्या नोंदी आम्हाला पटत नाहीत.

प्रश्न : काळा पंख आणि पांढरा पट्टा असलेला डीमन स्किपर. रिस्ट्रिक्टेड की कॉमन बँडेड?

पुढच्या पंखाची खालची, म्हणजे पंख मिटल्यावर दिसणारी बाजू पाहा. पांढरा पट्टा वरच्या कडेपर्यंत पोचत असेल तर कॉमन बँडेड डीमन, अलीकडेच थांबत असेल तर रिस्ट्रिक्टेड डीमन. नावातलं 'रिस्ट्रिक्टेड' म्हणजे हा आवरलेला पट्टा. रिस्ट्रिक्टेडच्या पंखाच्या टोकाजवळ पांढरे बारीक ठिपकेही असतात, पण ते फक्त जोडपुरावा म्हणून घ्या. डीमन बरेचदा पंख मिटून बसतो, त्यामुळे बाजूने घेतलेला फोटो इथे पुरतो. मागच्या पंखावरही मोठा पांढरा डाग असेल तर तो ग्रास डीमन, त्याच्याबद्दल शंका उरत नाही. अन्नवनस्पतीवरून मात्र यांना वेगळं करू नका, तिघांच्याही अळ्या आलं-हळदीच्या कुळावर वाढतात.

प्रश्न : नारिंगी-काळ्या डार्ट स्किपरांचं काय? सगळे सारखेच वाटतात.

पाम डार्टांच्या (टेलिकोटा) दोन जातींपासून सुरुवात करा. पुढच्या पंखाच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या काळ्या किनारीत नारिंगी रंग शिरांवरून बोटांसारखा कडेपर्यंत घुसत असेल तर पेल पाम डार्ट (टेलिकोटा कोलोन). किनार सलग काळी राहत असेल तर डार्क पाम डार्ट (टेलिकोटा बांबुसी). नरांत ही खूण स्वच्छ दिसते. मादीत काळा रंग जास्त असल्याने जपून.

त्यांच्याहून लहान पोटॅन्थस डार्टांपाशी मात्र हात आखडता घ्या. त्यांच्या अनेक जाती जननेंद्रियांच्या तपासणीशिवाय वेगळ्या होत नाहीत, फोटो कितीही सुंदर असला तरी. 'पोटॅन्थस, जात अनिश्चित' ही पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे. त्यापुढे अंदाजाने लावलेलं जातीचं नाव कोणती जात कुठे आढळते त्या नकाशात शिरलं की पुढे कोणालाच ते सहज काढता येत नाही.

प्रश्न : पंख झिजलेला असेल तर कोणत्या खुणांवर भरवसा ठेवायचा?

पारदर्शक ठिपक्यांवर. ते पंखाच्या पडद्यातच असतात, खवले गळाले तरी जागेवर राहतात. राइस स्विफ्टचा पिवळसर ठिपका, ब्रँड आणि कडेची झालर या खवल्यांच्या खुणा आहेत, त्या घासून जातात. म्हणून जुन्या नमुन्यात 'ठिपका नाही' याला फार वजन देऊ नका, 'ठिपका आहे' याला द्या. उलट बाजूने, खवले उडालेली जागाही उजेडाविरुद्ध ठिपक्यासारखी चमकते. दोन्ही पंखांवर त्याच जागी, त्याच आकाराची असेल तरच तो ठिपका. फ्लॅश थेट मारला तर बारीक पांढरे ठिपके फुगून मोठे दिसतात, ढगाळ उजेड त्यापेक्षा बरा.

प्रश्न : इंग्लंडमध्ये काढलेला छोट्या नारिंगी स्किपरचा फोटो आहे. स्मॉल स्किपर की एसेक्स स्किपर?

इथे पंखापेक्षा मिशा बोलतात. मिशीच्या टोकाची खालची बाजू शाईत बुडवल्यासारखी काळी असेल तर एसेक्स, नारिंगी-तपकिरी असेल तर स्मॉल. फोटो समोरून, फुलपाखराच्या डोळ्यांच्या पातळीवरून हवा, वरून घेतलेल्यात हे दिसत नाही. नर असेल तर ब्रँडही पाहा : स्मॉलचा लांब आणि किंचित वळलेला, एसेक्सचा आखूड, सरळ, पंखाच्या कडेला समांतर. या दोघांची इतकी सरमिसळ होत असे की ब्रिटनमध्ये एसेक्स स्किपर वेगळा म्हणून ओळखला गेला तोच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी.

प्रश्न : पुढच्या वेळी किती फोटो काढावेत?

तीन. पहिला बाजूने, कॅमेऱ्याचा सेन्सर मिटलेल्या पंखाला समांतर धरून. दुसरा वरून, अर्धवट उघडलेल्या पंखांचा. तिसरा डोकं आणि मिशांचा. पहिला लांबूनच घ्या आणि मग पुढे सरका, कारण स्किपर उडाला की परत त्याच पानावर येईलच असं नाही. सावली मात्र त्याच्यावर पडू देऊ नका.