फरगाना खोऱ्यात आधी गुरुवार गाठ

प्रिय पोरी,

तुझा बेत वाचला. आठ दिवसांत ताश्कंद, कोकंद, रिश्तान, मार्गिलान, फरगाना आणि अंदिजान. उझबेकिस्तानात जाणारे बहुतेक जण समरकंद-बुखाऱ्याकडे वळतात, तू फरगाना खोरं निवडलंस याचा मला मनापासून आनंद झाला. पण गावं कमी कर. समरकंदचा चौक सोमवारी पाहा की शनिवारी, तो तसाच असतो. मार्गिलानमध्ये मात्र पाहायचं ते लोकांचं रेशमाचं काम, आणि कामाला वार असतो, वेळ असते. म्हणून आधी वार ठरव आणि मगच तिकीट काढ.

तो वार गुरुवार. मार्गिलानबाहेरचा कुमतेपा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. गुरुवार कामाचा दिवस, त्यामुळे बाजार आणि हातमाग दोन्ही एकाच दिवशी पाहून होतात. बुधवारी संध्याकाळपर्यंत मुक्कामी पोहोच. गुरुवारी सकाळी लवकर बाजारात जा, कारण दुपारनंतर विक्रेते आवरू लागतात. तिथून योदगोर्लिक या रेशीम कारखान्यात जा.

तिथे घाई करू नकोस. कोष गरम पाण्यात टाकतात, त्याने डिंकासारखा थर सैल होतो आणि धाग्याचं टोक सुटतं. एका कोषातून जवळजवळ किलोमीटरभर सलग धागा निघतो, पण तो इतका बारीक की अनेक कोषांचे धागे एकत्र ओढावे लागतात. मग येतं या गावचं खरं कसब. विणण्याआधीच ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, धागे जुडीने ताणून त्यावर नक्षी आखतात, जिथे रंग नको तिथे घट्ट बांधतात आणि रंगात बुडवतात. दुसऱ्या रंगासाठी गाठी सोडून पुन्हा बांधायच्या. रंग गाठीच्या कडेने थोडा आत झिरपतो, म्हणून नक्षीच्या कडा ढगासारख्या विरतात. या बांधणीला तिथे ‘अब्रबंदी’ म्हणतात. फारसी अब्र म्हणजे ढग, आपल्या ‘अभ्र’चाच भाऊबंद. पाटणचा पटोळा पाहिला असशील तर फरक लगेच कळेल: पटोळ्यात ताणा आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही बांधून रंगवतात, इथे फक्त ताणा.

खरेदीत बहुतेकांची फसगत दोन ठिकाणी होते. एक म्हणजे छापील कापड. ते उलटून पाहा: छापील असेल तर मागची बाजू फिकी, पांढरट दिसते, अस्सल ‘अद्रास’मध्ये रंग धाग्यातच असल्याने नक्षी दोन्हीकडे उमटते. अद्रास म्हणजे रेशमी ताणा आणि सुती बाणा. पूर्ण रेशमी हवं असेल तर ‘अतलस’ माग. दुसरी चूक पन्ह्याची. हातमागाच्या पारंपरिक कापडाचा पन्हा साधारण अर्धा मीटर किंवा त्याहूनही कमी असतो. मोठ्या पन्ह्याचा हिशेब धरून मीटर मोजलेस तर कुर्ताही निघायचा नाही.

ताश्कंदहून रेल्वेने जा. 2016 साली कामचिक घाटाखालचा 19.2 किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. त्याआधी या खोऱ्यात जाणारी गाडी ताजिकिस्तानातून फिरून यायची. ताश्कंदला उत्तर आणि दक्षिण अशी दोन स्थानकं आहेत, तिकिटावर कोणतं आहे ते नीट वाच. पासपोर्ट हाताशी ठेव, त्याशिवाय गाडीत चढू देत नाहीत. फरगाना शहरात राहणार असलीस तरी उतरायचं मार्गिलानला. गाडीचं तिकीट मिळालं नाही तर घाटातून वाटणीच्या टॅक्सी जातात. चार प्रवासी भरल्याशिवाय ती सुटत नाही, म्हणून सकाळीच अड्ड्यावर जा. उशीर झालाच तर रिकाम्या जागेचे पैसे भरून निघणं परवडतं. घाटात रात्र करू नकोस.

कोणाच्या घरी उतरलीस तर परदेशी पाहुण्याची नोंद त्यांनी करायची असते. पहिल्याच दिवशी विचार, लाजू नकोस.

तू मांस खात नाहीस, म्हणून ‘गोश्तसिझ’ हा शब्द पाठ कर: मांसाविना. पण पुलाव मांसासोबतच शिजतो, त्यामुळे हा शब्द ऐकूनही तुकडे बाजूला काढून तोच भात वाढतील. नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, फळं आणि चहा यांवर भर दे.

अंदिजान या वेळी सोड. बाबराचा जन्म तिथला, 1483 चा, म्हणून ओढ वाटणं साहजिक आहे. पण तिथे धावत जाऊन आलीस तर रिश्तान हातचं जाईल. रिश्तान कोकंद-फरगाना रस्त्यावर साधारण मध्यावर आहे, त्यामुळे कोकंदला जातानाच तिथे उतरून अर्धा दिवस दे. तिथल्या मातीच्या भांड्यांची निळी-हिरवी झिलई म्हणजे ‘इश्कोर’, वाळवंटी झुडपांच्या राखेपासून केलेली. शिशाची झिलईही वापरात असते, तेव्हा ताटलीत जेवायचं असेल तर कारागिराला थेट विचार. ताटल्या बॅगेत आडव्या रचू नकोस, वरच्या वजनाने खालची तडकते. प्रत्येक ताटली कपड्यात गुंडाळून उभी लाव, कपाटात पुस्तकं लावतो तशी, आणि बॅगेच्या मध्यभागी ठेव. निघण्याआधी बॅग हलवून पाहा. किणकिण ऐकू आली तर अजून एक कपडा घाल.