बँकॉकला वाजवायला निघालेला मुलगा

(पत्र थोडक्यात : अमळनेर तालुक्यातले एक कापूस उत्पादक शेतकरी लिहितात. मुलगा २१ वर्षांचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. चार लग्नसराया बँडमध्ये ऑक्टोपॅड (विजेवर चालणारं तालवाद्य) आणि ढोलकी वाजवतोय. एका एजंटाने बँकॉकच्या हॉटेलात सहा महिने वाजवायचं काम देतो म्हणून सांगितलंय, पुढे क्वालालंपूर आणि सिंगापूर. त्यासाठी ८० हजार मागतो आणि म्हणतो, ‘टुरिस्ट व्हिसावर चला, बाकीचं तिथे बघू.’ परीक्षा तोंडावर आहे. ‘पाठवू की नको? आणि हे आयुष्य तरी कसं असतं?’)

रामराम भाऊ,

आधी सरळ उत्तर देतो. या एजंटाबरोबर पाठवू नका. मुलाला मात्र अडवू नका.

थायलंडमध्ये पर्यटक म्हणून शिरून पैसे घेऊन वाजवणं बेकायदा आहे. त्यासाठी कामाचा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, आणि ते काम देणाऱ्याच्या नावाशी बांधलेलं असतं. ‘बाकीचं तिथे बघू’ याचा अर्थ पोलीस आले तर तुमचा मुलगा सापडणार, एजंट नाही. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सोतहून पाचशेच्या वर भारतीय परत आणले. नोकरीच्या आमिषाने नेऊन सीमेपलीकडे म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेली माणसं होती ती. तुमच्या मुलाचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण तीही माणसं नोकरीच्याच नावाखाली निघाली होती.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. दहावी पास माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी असं सांगणारा, शिक्का नसतो, त्यामुळे थायलंड किंवा मलेशियाला कामाला जाताना त्याला सरकारची वेगळी मंजुरी लागत नाही. आपल्याला ही सोय वाटते. खरं तर अडाणी मजुराचे कागद निदान कुणीतरी तपासतं, तुमच्या मुलाचे कुणीच तपासणार नाही. ते काम तुमचं. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटाची नोंदणी आहे का ते बघा. नोंदणी असलेल्या एजंटालाही सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. मग ८० हजार कशाचे?

आता आयुष्याबद्दल. हॉटेलातला बँड साधारण आठवड्यातले पाच-सहा दिवस वाजवतो, रात्री पाऊण-पाऊण तासाचे तीन-चार सेट. आशियातल्या हॉटेलांत आणि क्रूझवर फिलिपिन्सचे वादक सगळीकडे दिसतात. वाद्य वाजवता वाजवता ते सुरात गातात आणि शेकडो गाणी पाठ ठेवतात. तुमचा मुलगा त्यांच्या रांगेत उभा राहणार आहे. त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नाही : वैशाखाच्या उन्हात, वरातीच्या गाडीवर, समोर नाचणाऱ्यांचे पाय बघून ठेका बदलायची सवय. फुकेत, हुआ हिन इथे भारतीयांची मोठी लग्नं होतात, तिथे याला किंमत आहे.

शिरपूरकडचा एक ढोलकीवाला अशाच लग्नांत वाजवून आला आणि मला भेटायला आला. त्याने बॅग उघडून दाखवली. कपडे थोडे. बोल्ट आवळायचा पाना, काळी चिकटपट्टी, बोटांना गुंडाळायची पट्टी, ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि एका डब्यात आईने दिलेल्या बिबड्या. म्हणाला, ‘सर, एसी खोलीत सुरात लावलेली ढोलकी समुद्राकाठच्या लॉनवर आणली की पाच मिनिटांत उतरते. आपल्याकडच्या कोरड्या हवेत असं कधी झालं नव्हतं.’ आता तो कार्यक्रमाच्या तासभर आधी ढोलकी बाहेर नेऊन ठेवतो, कातडीला ती दमट हवा पिऊ देतो, मगच बोल्ट आवळतो. पहिल्या कार्यक्रमात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, सबंध गाणं बेसूर गेलं. सांगताना अजून त्याचा चेहरा उतरला होता.

ऑक्टोपॅडची तऱ्हा वेगळी. प्रत्येक देशाची वीज सारखी नसते, पुढे कधी जपानला गेला तर तिथे ती १०० व्होल्टची, म्हणून अडॅप्टरवरचे आकडे आधी वाचायचे. निघताना विमानतळावर कस्टमकडून वाद्याचं निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं, नाहीतर परत येताना स्वतःच्याच वाद्यावर जकात मागतील.

बाकी दिवस वाट बघण्यात जातो : विमानाची, साउंड चेकची, जेवणाची. तिथे रात्री दीडला तो मोकळा होईल तेव्हा अमळनेरला बारा वाजलेले असतील, घरी सगळे झोपलेले. एक करार संपून दुसरा लागेपर्यंत दोन-तीन महिने कमाई नाही, हेही धरून चाला.

म्हणून माझं म्हणणं असं. बी.कॉम. पूर्ण होऊ द्या, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. नंतर एक वर्ष तयारीचं. त्याने तबल्याच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसावं, नुसत्या हाताच्या सवयीला त्याने शिस्त येते. कानात मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) लावून रोज दोन तास सराव. इंग्रजी आणि हिंदी मिळून दोनशे गाणी, आणि कोरसपुरतं गाणं. शिकायचीच ओढ लागली तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद कलाकारांची यादी ठेवते आणि त्यातून परदेशी पथकं पाठवते. ढोलकी-संबळ वाजवणारा, आपली कानबाईची गाणी आणि वहीगायन जाणणारा मुलगा तिथे उठून दिसेल. क्रूझचा रस्ता हवा असेल तर सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्याचं ओळखपुस्तक) आणि सुरक्षेचे छोटे कोर्स लागतात, आणि नोकरी नौवहन महासंचालनालयाचा (डीजी शिपिंग) परवाना असलेल्या एजंटामार्फतच.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही त्याला अजून एकदाही वाजवताना पाहिलेलं नाही. हे वाचून मला वाईट वाटलं, भाऊ. पुढच्या तिथीला तो जवळच्या गावात वाजवत असेल, तेव्हा जा. वरातीच्या बाजूने चाला. घरी आल्यावर करार काढून दोघं मिळून वाचा : खोली आणि जेवण कुणाचं, परतीचं तिकीट कुणाचं, आजारी पडला तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, आगाऊ रक्कम किती. पासपोर्ट मालकाच्या हाती द्यायचा असं कुठे लिहिलेलं आढळलं, तर तिथेच थांबा.

आणि त्या एजंटाला आज संध्याकाळी फोन करून एवढंच विचारा : वर्क परमिट कोणत्या हॉटेलच्या नावाने निघणार? त्याने नाव सांगितलं तर लेखी मागा आणि मला पाठवा. मी स्वतः वाचून कळवतो.