टेलिकॉमच्या नोकरीत नवा आहेस ना?

बाबू, अभिनंदन! सध्या एवढंच सांभाळ, बाकीचं हाताला येतं.

फायबरचं, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या बारीक काचेच्या तारेचं, कोटिंग काढलं की आधी अल्कोहोलनं पुस, मगच क्लीव्ह कर, म्हणजे टोक सरळ काप. धुळीचा एक कण बसला तरी जोड बिघडतो. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा 45 वर जातो, तेव्हा घामाचा रुमाल वेगळा ठेव. नवी पोरं त्यानंच फायबर पुसतात. चालू लाइनीच्या टोकात डोकावू नकोस. त्यातला लेझरचा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो.

ड्युटीचा तक्ता घरी आधीच दाखव. मी दाखवत नव्हतो. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला टॉवरवर होतो, ते अजून सलतं.

आणि देवाला वेळ दे. ड्युटीआधी मी स्टेशनजवळच्या टेकडीच्या गणपतीला जातो. पाचच मिनिटं, पण फोन बंद ठेवून.