तीन महिने कशातच मन लागत नाही, घरच्यांवर उगाच खेकसतो. पुरुषाने नैराश्यातून कसं बाहेर यावं?

आधी हे ओळखा, की पुरुषांचं नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून दिसतच नाही. ते चिडचिडीतून, वाढत्या दारूतून, पाठदुखीतून, पहाटे तीनला उघडणाऱ्या डोळ्यांतून दिसतं. वडोदऱ्यात दांडिया बाजारात माझा भाऊ राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याचा दाढीचा ब्रश बेसिनवर आठवडाभर कोरडा पडला होता आणि आम्ही सगळे त्याला 'आळशी' म्हणत होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांकडे जायचंच. तुमचे तर तीन महिने झालेत, आता थांबू नका. वडोदऱ्यात कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालय आहे. तिथे जायला लाज वाटत असेल, तर आधी 14416 वर फोन करा. हा टेलि-मानसचा नंबर. मनाच्या त्रासात फोनवरून मदत करणारी ही 2022 पासूनची सरकारी सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास. मरणाचे विचार येत असतील तर आजच करा, आणि घरात कुणाला तरी सांगा.

औषधाचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. मधेच बंद करू नका, हे फार महत्त्वाचं. दारू मात्र सोडा, तिने झोप आणि मन दोन्ही बिघडतं.

काही करायची इच्छा होण्याची वाट बघू नका. भाऊ रोज सकाळी मित्राबरोबर कमाटीबागेत एक फेरी मारायचा, सुरुवातीला न बोलताच. महिन्याभराने एका बाकावर बसून तो पहिल्यांदा बोलला.